घेऊन दाखवा पाहू!

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला आमच्या लष्करातील घरी दरवर्षी चाळीसएक बायका जमतात. तिळगूळ, मुरैन्याची गजक आणि वाण यांच्या जोडीला आमच्याकडे एक जुना शिरस्ता आहे. घरातील थोरल्या सुनेने, म्हणजे आमच्या वहिनींनी, सर्वांआधी उखाणा घ्यायचा. वहिनींचा उखाणा म्हणजे दोन ओळींचे काम नव्हे. अंगण, ओसरी, माजघर असा सगळा फेरफटका मारून, देवघराला वळसा घालून मग तो दादांच्या नावावर येऊन टेकतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील जुन्या बायकांना तो तोंडपाठ आहे, तरी दरवर्षी ऐकायला त्या उत्सुक असतात.

यंदा तो उखाणा देवघरापर्यंत पोहोचलाच नाही. तिसऱ्या ओळीत श्वास तुटला. वहिनींनी भिंतीला हात टेकला आणि हसून म्हटले, “पुढचं तुम्हीच म्हणा गं, सगळ्यांना येतोच आहे.” बायकाही हसल्या. दाराआडून ऐकणारे आमचे दादा मात्र हसले नाहीत.

हा उखाणा अर्ध्यावर का तुटला याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आमच्याच विरुद्ध जाणारे निघाले. तरीही ते या सदरातून मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्या घरात ‘पंप’ ही वस्तू आताशा चष्म्याइतकीच नित्याची झाली आहे. आणि आमच्या हातून जे झाले, ते उद्या कोणाही सुशिक्षित माणसाच्या हातून होण्यासारखे आहे.

वहिनींना सीओपीडी नावाचा फुप्फुसांचा जुनाट विकार आहे. बोलताना आपण त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतो, पण दमा निराळा आणि हा निराळा. दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या पुष्कळदा पूर्ववत मोकळ्या होतात. यात त्या हळूहळू अरुंद होत जातात आणि गेलेली जागा परत मिळत नाही. नळीत जोराने फुंक मारायची एक तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. पूर्ण फुंकरीतील किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते हे त्यात पाहतात. श्वासनळ्या रुंदावणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण शेकडा ७० च्या खाली राहिले, तर या विकाराची खूण पटते.

“विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा हा रोग; वहिनींना कसा झाला?” हा प्रश्न आमच्या घरी अनेकांनी विचारला. उत्तर स्वयंपाकघरात आहे. वहिनी १९७१ साली या घरात सून म्हणून आल्या. पुढील सतरा वर्षे त्यांनी बारा-चौदा माणसांचा स्वयंपाक चुलीवर, कोळशाच्या अंगीठीवर आणि भुशाच्या शेगडीवर केला; गॅस त्यानंतर आला. फुंकणीने जाळ फुलवताना डोळे पुसणाऱ्या वहिनी आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या डोळ्यांतले पाणी आम्हाला दिसले, छातीत काय साचते आहे ते दिसले नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. लाकूड, शेण, पालापाचोळा यांचा चुलीतला धूर हे त्याचे जगातील एक फार मोठे कारण आहे, हे त्यात ठळकपणे मांडलेले आहे. आमच्या पिढीच्या आया, काकवा आणि वहिन्या यांची गोष्टच जणू त्या लेखात आहे.

असो. गेली सहा वर्षे वहिनी सकाळ-संध्याकाळ एक पंप घेत होत्या. दाबला की फवारा उडणारा, आणि त्याला पुढे स्पेसर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची फुगीर नळी जोडलेली. फवारा तोंडातून फार वेगाने सुटतो आणि बराचसा घशावर आपटून वाया जातो; त्या नळीत तो थबकतो, मग आपण सावकाश ओढून घ्यायचा. वहिनींच्या नळीला एक बारीक शिट्टी होती. श्वास घाईने ओढला की ती वाजे, म्हणजे चूक झाली. ती वाजू न देता, चार-पाच सेकंद संथपणे श्वास आत घ्यायचा आणि मग दहापर्यंत मोजत रोखायचा, हे आम्हीच त्यांना शिकविले होते. वहिनी त्यात इतक्या तरबेज झाल्या की सहा वर्षांत ती शिट्टी आम्ही क्वचितच ऐकली.

गेल्या कार्तिकात वहिनींना न्यूमोनिया झाला आणि आठवडाभर दवाखान्यात राहावे लागले. घरी पाठविताना डॉक्टरांनी औषध बदलले. बदलास कारण होते. पहिल्या पंपात दोन औषधे होती: श्वासनळ्या बारा तास रुंद ठेवणारे फॉर्मोटेरॉल, आणि सूज कमी करणारे ब्युडेसोनाइड, म्हणजे स्टेरॉइड. दम्यात हे स्टेरॉइड अत्यंत मोलाचे. पण सीओपीडीच्या रुग्णात छातीतून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे न्यूमोनियाचा धोका काहीसा वाढतो, असे २००७ सालापासूनच्या मोठ्या चाचण्यांतून दिसून आले आहे. त्याचा लाभ कोणाला होईल हे ठरविताना रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशी मोजतात. एका मायक्रोलिटरमागे ३०० किंवा अधिक असल्या तर स्टेरॉइड उपयोगी पडण्याचा संभव मोठा, १०० हून कमी असल्या तर फारच थोडा. वहिनींच्या पेशी शंभराच्या आतच होत्या. म्हणून स्टेरॉइड काढून दिवसातून एकदाच घ्यायचे इंडॅकेटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियम यांचे मिश्रण सुरू झाले. दोन्ही श्वासनळ्या रुंदावणारी, दोन्हींचा अंमल चोवीस तास. निर्णय सर्वस्वी योग्य होता, हे आज आम्ही जाणतो.

यातील दुसऱ्या औषधाचे कूळ मोठे मनोरंजक आहे. आपल्याकडे वैद्य पूर्वी धोतऱ्याच्या धुराचा उपयोग दम्यावर करीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही रीत मद्रासेहून इंग्लंडास गेली. धोतऱ्यात जी द्रव्ये असतात त्यांतील एक अॅट्रोपिन. त्याचाच गुण घेऊन, पण त्याचे विषारी दोष पुष्कळ कमी करून पुढे जी औषधे प्रयोगशाळेत घडली, त्यांच्या घराण्यातले हे ग्लायकोपायरोनियम. (धोतरा स्वतः घातक विष आहे, कोणी त्याच्या वाटेस जाऊ नये.)

औषध बदलले, आणि त्याबरोबर यंत्रही बदलले. पण बदलाचा हा दुसरा अर्धा भाग आमच्या ध्यानी आला नाही. नव्या यंत्रात फवारा नव्हता, नळी नव्हती. एक छोटी डबी. तिच्यात रोज एक कॅप्सूल ठेवायची, दोन बाजूंची बटणे दाबून तिला भोके पाडायची आणि आतली पूड श्वासाने ओढून घ्यायची. दवाखान्यात गर्दी होती. यंत्र दाखविले गेले, अर्ध्या मिनिटात. “समजलं?” असे विचारले गेले. वहिनींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “समजलं.”

घरी आल्यावर आम्ही वहिनींना समोर बसवून रीतसर पाठ दिला. कॅप्सूल कशी ठेवायची, बटणे कशी दाबायची, हे बरोबर सांगितले. आणि पुढे आमच्या तोंडून सहा वर्षांची सवय बोलली: “श्वास मात्र पूर्वीसारखाच, वहिनी. हळू, लांब, संथ.” वहिनींनी मान डोलावली. “भावजी, तुम्ही सांगितलं म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या.

मार्गशीर्ष गेला, पौष आला. वहिनींचे चालणे आधी अंगणापुरते, मग ओसरीपुरते उरले. वेणी घालताना मध्येच थांबावे लागे. थंडी आहे, वय आहे, न्यूमोनियाने अशक्तपणा आला आहे, अशी कारणे आम्ही एकमेकांना देत राहिलो. पुतण्याचे म्हणणे पडले की नवे औषध मानवत नाही. वहिनी स्वतः काहीच बोलल्या नाहीत. पण त्यांनी मनाशी एक उपाय योजला. जुन्या पंपात औषध शिल्लक होते. पैसे देऊन आणलेले टाकायचे कसे? नव्याचा गुण येत नाही असे वाटून त्यांनी रात्री जुनाही घ्यायला आरंभ केला. हात थरथरू लागले, रात्री छातीत धडधडू लागले. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी भिंतीला हात टेकला, त्यामागे हे सारे होते.

दोन दिवसांनी त्यांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आत जाण्यापूर्वी फुंकरीची तपासणी करणारी एक तरुण मुलगी होती. तिने काही विचारण्याऐवजी एवढेच म्हटले, “अम्माजी, घर पर जैसे लेती हैं, वैसे ही लेकर दिखाइए।” वहिनींनी पिशवीतून डबी काढली, कॅप्सूल ठेवली, बटणे दाबली, डोळे मिटले आणि अतिशय सुरेख, संथ, लांब श्वास घेतला. कुठे काही आवाज नाही. मुलीने डबी उघडली, कॅप्सूल तळहातावर घेऊन उकलली. जवळजवळ सगळी पूड आत तशीच होती.

“अम्माजी, दवाई तो इसी में रह गई,” ती म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. “भावजींनी सांगितलं होतं ना, शिट्टी वाजू द्यायची नाही,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच आम्हाला मान वर करवेना.

त्या मुलीने आम्हाला जे समजावले ते इतके सोपे आहे की प्रत्येक घरात माहीत असावे. फवाऱ्याच्या पंपात औषध उडविण्याचे काम आतला दाबाखालचा वायू करतो. आपण फक्त सावकाश आत घ्यायचे. पुडीच्या यंत्रात वायू नसतो. पूड उधळायची, तिचे बारीक कण सुटे करायचे, हे काम आपल्या श्वासानेच करायचे असते. कण एक ते पाच मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश इतके सूक्ष्म झाले तरच छातीत खोलवर जातात. मोठे राहिले तर घशातच चिकटतात. म्हणून येथे श्वास पहिल्या क्षणापासून जोरकस आणि खोल हवा. वहिनींच्या यंत्रात श्वास पुरेसा जोराचा असला की कॅप्सूल भिरभिरते आणि तिचा खुळखुळाट ऐकू येतो. जुन्या यंत्रात आवाज झाला म्हणजे चूक. नव्यात आवाज झाला नाही म्हणजे चूक! एकाच छातीला सहा वर्षे एक धडा, आणि मग बरोबर उलटा. तिसराही एक प्रकार आहे: स्प्रिंगच्या जोरावर मंद धुके सोडणारे यंत्र. त्याला पुन्हा सावकाश श्वास लागतो.

फवाऱ्याच्या पंपाच्या जन्माची एक कथा सांगतात. १९५५ साली अमेरिकेत दम्याने त्रस्त असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या वडिलांना विचारले, माझे औषध अत्तराच्या फवाऱ्यासारखे डबीतून का येऊ शकत नाही? वडील रायकर नावाच्या औषधकंपनीचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, पहिला पंप बाजारात आला. तेव्हापासून औषधे सुधारत गेली, यंत्रे वाढत गेली. पण औषध आणि छाती यांच्यामध्ये रुग्णाचा एक श्वास असतो, आणि तो चुकला तर उत्तम औषधही डबीतच राहते.

डॉक्टरांनी वहिनींचा ओढीचा जोर एका लहान यंत्रावर मोजला. तो पुरेसा होता, म्हणून डबी तीच राहिली. नसता, तर तेच किंवा तशाच गुणाचे औषध निराळ्या यंत्रातून दिले असते, असे ते म्हणाले. फार अशक्त माणसाला, किंवा संधिवाताने बोटे वाकलेल्याला, प्रत्येक यंत्र साधतेच असे नाही. जुना पंप त्यांनी आमच्या स्वाधीन करून तो घरात ठेवू नका म्हणून सांगितले. फॉर्मोटेरॉल आणि इंडॅकेटेरॉल ही एकाच जातीची औषधे. दोन्ही एकत्र घेतल्याने दम भरून निघत नाही, हृदयावर ताण मात्र येतो.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा बदल होईल, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जुने बंद करून नवे घ्यायचे, की जुन्याच्या जोडीला नवे घ्यायचे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे. एकदम दम लागल्यावर घ्यायचा तातडीचा पंप वेगळा असतो. तो बंद करावयाचा नसतो आणि रोजच्या लांब अंमलाच्या औषधाने त्याचे काम भागत नाही. दुसरी, बदलाचे कारण विचारावे. शेजारच्याचे स्टेरॉइड बंद झाले म्हणून आपले बंद करू नये. दमा असलेल्याने ते आपल्या मनाने सोडणे जिवावर बेतू शकते. आणि पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर चूळ भरून टाकावी. तिसरी, डोळ्यांत काचबिंदू किंवा पुरुषांत प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधीच सांगावा, कारण धोतऱ्याच्या घराण्यातल्या औषधांनी तो वाढू शकतो. चौथी, पुडीच्या डबीत कधी फुंकर घालू नये. श्वास बाहेर सोडताना तोंड बाजूला करावे, नाहीतर वाफेने पूड गोळा होते. कॅप्सूल घेण्याच्या वेळीच, कोरड्या हाताने पाकिटातून काढावी, गिळू नये, आणि ओढून झाल्यावर उघडून पाहावी. पूड उरली असेल तर पुन्हा ओढावी. आणि हे सर्व सांगून झाल्यावर रुग्णाने ते करून दाखवावे, औषध बदलेल तेव्हा तर अवश्यच.

आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. धडा संपला की आम्ही विचारतो, “समजलं का?” आणि सारा वर्ग एका सुरात म्हणतो, “समजलं, सर.” मुलांना समजलेले असतेच असे नाही. गुरुजींना वाईट वाटू नये, घंटा लवकर व्हावी, आपण मठ्ठ ठरू नये, अशी अनेक कारणे त्या एका ‘समजलं’मध्ये असतात. फळ्यापाशी बोलावून “करून दाखव” म्हटल्याशिवाय काही कळत नाही, हे आम्ही नव्या शिक्षकांना दरवर्षी सांगतो. तेच आम्ही दवाखान्यात विसरलो आणि घरीही विसरलो. वहिनींनी “समजलं” म्हटले ते आमच्यावरील विश्वासाने. मोठ्यांचा मान, शिकलेल्यांचा मान हे आपल्या घरांचे भूषण खरेच. पण त्या मानापोटी माणूस उरलेली पूड पाहूनही गप्प बसतो. वहिनींनी ती पूड पाहिली होती. “असंच असेल, म्हटलं,” असे त्या नंतर म्हणाल्या.

हे दुखणे बरे होणारे नाही, आणि हिवाळ्यात गमावलेले बळ पुरते परत येईल असेही डॉक्टर म्हणत नाहीत. तरी हातांची थरथर आठवड्याभरात थांबली. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी दोघांनाही, वहिनींना आणि दादांना, देऊन झाल्या. पाडव्याला वहिनी गुढी पाहण्यासाठी गच्चीवर गेल्या. दोनदा थांबून, पण स्वतःच्या पायांनी.

आता रोज सकाळी शाळेत निघण्यापूर्वी आम्ही त्यांच्यासमोर पाटावर बसतो. वहिनी डबी तोंडाला लावतात, कॅप्सूल खुळखुळते, मग त्या दहा बोटे एकेक करून मिटेपर्यंत श्वास रोखतात. डबी उघडून रिकामी कॅप्सूल आमच्यापुढे धरतात आणि विचारतात, “काय भावजी, पास?”